शिट्टीनंतरचे दहा सेकंद

पनवेलकडच्या आमच्या कोन गावात फुटबॉलच्या रेफरीला निम्मे लोक अजूनही 'अंपायर' म्हणतात. "ओ अंपायर, हात लागला ना त्याचा!" ही हाक मैदानाच्या चारी बाजूंनी येते. सुरुवातीला मी चिडायचो. पुढे कधीतरी लक्षात आलं, की चूक नुसती शब्दाची नाही. आपल्याकडच्या सगळ्या हुज्जतीचं मूळ त्या एका हाकेत आहे.

पनवेल, उरण, पेण हा पट्टा टेनिस क्रिकेटचा. भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली की खेळपट्ट्या तयार होतात, मांडव पडतो, लाउडस्पीकरवर समालोचन सुरू होतं. इथला पोरगा आधी क्रिकेट शिकतो, मग बाकीचं सगळं. आणि क्रिकेटमध्ये दाद मागणं हा खेळाचाच भाग आहे. क्रिकेटच्या ३१व्या नियमानुसार क्षेत्ररक्षकांनी दाद मागितल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊच शकत नाही, तो खरोखर बाद असला तरी. त्यामुळे अकराच्या अकरा जण हात वर करून पंचाच्या दिशेने ओरडत धावले तरी त्याला कुणी उद्धटपणा म्हणत नाही.

हाच पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी फुटबॉल खेळायला लागतो. चेंडू कुणाच्या कोपराला घासला की तो दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावत येतो. त्याच्या हिशेबाने तो वाद घालत नसतो, दाद मागत असतो. फुटबॉलच्या नियमांत मात्र दाद नावाची गोष्टच नाही. रेफरीने पाहायचं, ठरवायचं, वाजवायचं. कुणी मागितलं म्हणून द्यायचं नाही आणि मागितलं नाही म्हणून ठेवायचंही नाही. दाद कुठे संपते आणि वाद कुठे सुरू होतो, हे शिट्टीनंतरच्या पहिल्या दहा सेकंदांत ठरतं. ते ठरवणं खेळाडूच्या हातात कमी आणि रेफरीच्या हातात जास्त असतं, असं माझं मत झालं आहे.

कोन, आजिवली, पळस्पे, शेडुंग, सावळे या भागात रविवारी सकाळी "तू कर ना रेफरी" म्हणून ज्यांच्या हातात शिट्टी कोंबली जाते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. ३० ऑक्टोबर २०२२ला त्याच वयोगटातल्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत तिथेच झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं. कोनहून ते स्टेडियम गाडीने तासाभराच्या आत येतं. पण तिथल्या रेफरीच्या कानात यंत्र, दोन बाजूंना दोन सहायक, बाहेर चौथा अधिकारी, शिवाय पोलीस. आपल्याकडे आपण एकटे, आणि बाजूरेषेवर झेंडा म्हणून रुमाल धरलेला एखाद्या खेळाडूचा धाकटा भाऊ. तेव्हा टीव्हीवरच्या रेफरीची नक्कल करून उपयोग नाही.

आपल्याकडे खेळतं कोण, हेही पाहा. कोन म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, रसायनीकडे फाटा फुटणारं गाव. एका बाजूला गावठाण, दुसऱ्या बाजूला टॉवर. गिरणी कामगारांसाठीच्या इथल्या घरांची सोडत २०१६ साली निघाली. आजूबाजूला कंटेनर यार्ड आणि गोदामं, पुढे रसायनी-पाताळगंगेच्या कंपन्या. त्यामुळे सात-सातच्या एकाच सामन्यात गावची पोरं, कॉम्प्लेक्सची पोरं, आणि कंपनीच्या संघातून केरळ, बंगाल, ईशान्येकडची पोरं असतात. मैदानावर आगरी, मराठी, हिंदी, मल्याळम सगळं चालतं. पावसात माळावर, दिवाळीनंतर कापलेल्या शेतात, एरवी जाळीच्या टर्फवर.

इतक्या भाषांत समजावत बसायला वेळ नसतो. खरं तर कार्डांचा जन्मच या अडचणीतून झाला. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन रेफरीशी सतत हुज्जत घालत होता. रेफरी जर्मन, खेळाडू स्पॅनिश बोलणारा. रेफरीने त्याला बाहेर काढलं, पण बराच वेळ तो मैदान सोडायला तयारच नव्हता. कुणाला काय ताकीद मिळाली, हे त्या सामन्यात सगळ्यांना धड कळलंही नव्हतं. पंचांचे प्रमुख केन अॅस्टन गाडीतून जाताना लंडनच्या सिग्नलपाशी थांबले आणि त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली. म्हणजे खिशातलं ते पिवळं कार्ड मुळात हुज्जतीवरचंच औषध आहे. मात्र उठसूट दिलं तर गुण जातो.

आता सामन्याच्या आधीचं बोलू, कारण निम्मं काम तिथेच होतं.

आयोजकाकडून नियम लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर चार ओळी असल्या तरी चालतील. किती मिनिटांचा अर्ध, बदली खेळाडू कितीदा आत-बाहेर, ऑफसाइड आहे की नाही, बरोबरी झाली तर काय, आणि तक्रार करायची तर कुणाकडे, किती वेळात. हे आधी ठरलेलं नसेल तर प्रत्येक प्रश्न मैदानात तुमच्या अंगावर येतो. मानधनही आधीच ठरवा आणि जमलं तर आधीच घ्या. पैसे आयोजकाकडून, संघाकडून कधीही नाही, चहासुद्धा एका संघाच्या तंबूत बसून नको. एका स्पर्धेत मी सामन्याआधी एका संघाबरोबर वडापाव खाल्ला होता. दुसऱ्या अर्धात त्यांना पेनल्टी दिली, आणि तो वडापाव मला पुढे वर्षभर ऐकावा लागला.

खेळणाऱ्यांत तुमचा पुतण्या, मेहुणा, शेजारी असेल, आणि कोनमध्ये असणारच, तर नाणेफेकीला दोन्ही कर्णधारांना तसं सांगून टाका. लपवलेलं नातं सामना संपेपर्यंत बाहेर येतंच. सांगितलेल्या नात्याचा कुणी फारसा बाऊ करत नाही.

मग समालोचक. हा प्रकार पुस्तकात कुठेच नाही, पण आपल्याकडे तो रेफरीइतकाच महत्त्वाचा आहे. टेनिस क्रिकेटच्या सवयीने आपल्याकडे फुटबॉललाही माइक लागतो. "आणि रेफरींनी इथे फाउल दिलेला नाही, आश्चर्य आहे मंडळी!" असं एक वाक्य लाउडस्पीकरवरून गेलं की दोनशे माणसं एकदम कायदेपंडित होतात. त्यामुळे सामन्याआधी त्याच्याकडे जायचं, हात मिळवायचा आणि सांगायचं, "दादा, खेळाडूंबद्दल हवं ते बोला, निर्णयाबद्दल नको." माझा अनुभव असा की आधी सांगितलं तर ते ऐकतात. सामना सुरू असताना खुणावलं तर तेही माइकवरून जाहीर होतं.

नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना मी तीनच गोष्टी सांगतो. माझ्याशी फक्त कर्णधार बोलेल. विचारलं तर एका वाक्यात उत्तर देईन. शिवी आली तर लाल. बास. पाच मिनिटांचं भाषण कुणी ऐकत नाही. कर्णधारानेच बोलायचं ही पद्धत युरोपात २०२४च्या युरो स्पर्धेत वापरली गेली आणि २०२५-२६च्या नियमपुस्तकात स्पर्धांना ती ऐच्छिक म्हणून दिली आहे. कर्णधार गोलरक्षक असेल तर दुसऱ्या टोकापासून तो धावत येणार नाही, म्हणून बोलण्यासाठी मैदानातला आणखी एक जण आधीच नेमून घ्या. कर्णधाराला कायद्याने कसलाही जादा अधिकार नाही, हेही त्याला गोड शब्दांत कळू द्या. त्याच्यावर संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी मात्र आहे.

शिट्ट्या दोन ठेवा. आत गोळी असलेली शिट्टी पावसात, चिखलात ऐन वेळी अडकते. कॅनडाचे बास्केटबॉल पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी १९८४ साली भर सामन्यात वाजलीच नाही. त्या वैतागातून त्यांनी बिनगोळीची शिट्टी बनवून घेतली, ती आज सगळीकडे मिळते. माळावरच्या चिखलात तीच घ्या. फुसकी शिट्टी म्हणजे भांडणाला आमंत्रण. हळू वाजली की खेळाडूला वाटतं, रेफरीलाच खात्री नाही.

आता त्या दहा सेकंदांकडे येऊ.

हुज्जतीचं सगळ्यात मोठं कारण निर्णय चुकणं हे नसतं. तुम्ही लांब होता, हे असतं. चाळीस पावलांवरून दिलेला बरोबर निर्णय लोकांना चुकीचा वाटतो. पाच-सात पावलांवरून दिलेला चुकीचा निर्णय बऱ्याचदा पचून जातो. तेव्हा हुज्जत कमी करायची असेल तर पहिलं औषध पायात आहे. मधल्या वर्तुळात उभं राहून सामना चालवता येत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं धावत राहा, चेंडूच्या फार जवळ नको, पण खेळ तुमच्या आणि बाजूरेषेच्या मध्ये ठेवा. कापलेल्या शेतात बांधाचे उंचवटे आणि भाताची खुंटं असतात, तिथे आदल्या दिवशी एकदा चालून या.

शिट्टी वाजली. हाताने दिशा दाखवा. आणि लगेच चालायला लागा, पण ओरडणाऱ्याकडे नाही, जिथून फ्री किक घ्यायची त्या जागेकडे. हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही ओरडणाऱ्याकडे गेलात की चर्चा सुरू झाली, आणि चर्चेला बाकीचे सहाजण येतात. जागेकडे गेलात की खेळ सुरू होतो आणि ओरडणाऱ्यालाच आपल्या गोलकडे पळावं लागतं. चालता चालता एक शब्द टाका: "ढकललं", "हात", "उशिरा पाय". एकच शब्द. कारण मिळालं की अर्धे गप्प होतात. दोन वाक्यं बोललात तर त्यातल्या दुसऱ्या वाक्यावर वाद सुरू होतो.

पण फाउल जबर असेल, पडलेला उठून अंगावर जायच्या बेतात असेल, तर फ्री किकची जागा विसरा आणि धावत त्या दोघांच्या मध्ये जा. तिथे पोहोचायला लागलेला प्रत्येक सेकंद पुढे पाच मिनिटांचा होतो.

फ्री किक लवकर घेतली तर काय, हा प्रश्न आपल्या टर्फवर दर रविवारी येतो, आणि तो किती महागात पडू शकतो हे सगळ्या देशाने पाहिलं आहे. ३ मार्च २०२३ला बेंगळुरूत इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत अतिरिक्त वेळेत सुनील छेत्रीने भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. समोरच्या केरळ ब्लास्टर्सचं म्हणणं, आम्ही तयार नव्हतो. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघच मैदानाबाहेर नेला. पुढे महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड केला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली. नियम असा आहे, की फ्री किकला शिट्टीची वाट पाहायची गरज नसते. पण तुम्ही शिट्टीकडे बोट दाखवून "थांब" म्हटलं, भिंत मागे सरकवायला गेलात किंवा कार्ड काढलंत, की मग मात्र शिट्टीशिवाय घेता येत नाही. तेव्हा प्रत्येक फ्री किकला ठरवून टाका: लगेच की शिट्टीवर. शिट्टीवर असेल तर शिट्टी डोक्यावर धरून बोटाने दाखवा, तोंडाने मोठ्याने सांगा, सगळ्यांना दिसू द्या. अर्धवट खूण करायची नाही.

आता बोलण्याचे प्रकार. सगळं बोलणं सारखं नसतं, आणि सगळ्याला कार्ड लागत नाही.

पहिला नुसता उद्गार. "आयला!", "अरे काय राव!" किंवा चुकलेल्या पासवर स्वतःलाच घातलेली सणसणीत शिवी. आगरी बोलण्यात शिवी ही बऱ्याचदा स्वल्पविरामासारखी येते. आपण त्याच गावचे असलो तर तिचा सूर ओळखू येतो. ती माझ्यावर आहे की नशिबावर, एवढंच बघायचं. नशिबावर असेल तर कान बंद. मात्र लहान मुलांचे सामने शेजारी चालू असतील तर कर्णधाराला सांगून आवाज खाली आणवा.

दुसरी विचारणा. "सर, कशाचं दिलं?" याला उत्तर द्या. हा दाद मागणाऱ्यातला आहे. त्याला गप्प बसवलंत तर पुढच्या वेळी तो विचारणार नाही, ओरडेल.

तिसरी टकळी. हा खेळाडू वाईट बोलत नाही, पण थांबत नाही. "त्यांना देता, आम्हाला नाही." "पहिल्यापासून चाललंय हे." दहाव्या मिनिटाला सुरू होऊन चाळिसाव्यापर्यंत. अशांसाठी माझी एक शिडी आहे. पहिल्यांदा दुर्लक्ष. दुसऱ्यांदा नुसती नजर, दोन सेकंद. तिसऱ्यांदा खेळ थांबलेला असताना त्याच्याजवळून जाताना हळूच, "झालं तेवढं पुरे." चौथ्यांदा कर्णधाराला बोलावून त्याच्यादेखत, सगळ्यांना दिसेल असं, "आता पुढचं बोलणं कार्डावर." पाचव्यांदा पिवळं, एक शब्दही न बोलता. अशी शिडी चढून आलेल्या कार्डावर सहसा कुणी ओरडत नाही. त्याचेच साथीदार म्हणतात, "सांगितलं होतं ना तुला."

चौथा प्रकार गर्दीसाठीचा, आणि इथे शिडी नाही. चेंडू जमिनीवर आपटणं, उपरोधाने टाळ्या वाजवणं, चष्मा लावायची खूण, दोन्ही हात पसरून मांडवाकडे तोंड करून "बघा, बघा!" म्हणणं. माझी स्वतःची एक कसोटी आहे: तोंड कुणीकडे आहे? माझ्याकडे असेल तर तो विचारतो आहे, भले आवाज चढलेला असो. लोकांकडे असेल तर तो मला गावासमोर उभं करतो आहे. त्याला लगेच पिवळं. एकाला सोडलं की दहा मिनिटांत तीन जण तेच करतात. नियमपुस्तकसुद्धा निर्णयाविरुद्धचा जाहीर निषेध, शब्दाने किंवा कृतीने, असंच म्हणतं. जाहीर हा शब्द त्यात उगाच नाही.

पाचवा घेराव. पेनल्टीनंतर हमखास. चार-पाच जण धावत येतात, छाती पुढे. मागे हटू नका, पण उभेही राहू नका. बाजूला, मोकळ्या जागेकडे चालायला लागा. ते मागे येतील तेव्हा त्यांची रांग होते, घोळका राहत नाही. हात वर करून एकदाच मोठ्याने: "कर्णधार!" कर्णधार सोडून जो जवळ राहील, त्यातला सगळ्यात पुढचा एक निवडा आणि त्याला कार्ड द्या. सगळ्यांना द्यायच्या भानगडीत पडू नका आणि कुणालाच न देताही राहू नका.

आणि शेवटी रेफरीला, सहायकाला, कुणाच्या आईबहिणीला, जातीला, रंगाला, प्रांताला घातलेली शिवी. ईशान्येकडच्या पोराला चिडवण्यासाठी वापरला जाणारा एक ठरावीक शब्द आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतो. त्याला लाल. इथे समजूत नाही, शिडी नाही, "पहिल्यांदाच बोलला" नाही. रेफरीच्या अंगाला कोणी हात लावला, ढकललं, तरीही लालच.

खेळ चालू असताना हुज्जतीसाठी शिट्टी वाजवून थांबवलात, तर पुन्हा सुरुवात अप्रत्यक्ष फ्री किकने होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि बाकावर बसलेल्या बदली खेळाडूला कार्ड दाखवता येतंच, प्रशिक्षक, संघव्यवस्थापक यांनाही २०१९पासून दाखवता येतं. आपल्याकडे व्यवस्थापक म्हणजे बहुधा टीशर्टचा खर्च करणारा दादा असतो. त्याला कार्ड दाखवायला धीर लागतो, खोटं कशाला बोलू. त्याआधी एकदा त्याच्या जवळ जाऊन, मान राखून, "दादा, पोरं तुमच्याकडे बघून बोलतात, तुम्ही बसलात तर तीही बसतील," म्हटलं तर बहुतेक वेळा काम होतं.

कार्ड दाखवायची पद्धत. खेळाडूच्या अगदी तोंडासमोर नाही, हाताच्या अंतरावरून. त्याला बाकीच्यांपासून दोन पावलं बाजूला घ्या. हात सरळ वर, चेहरा शांत. आणि नंबर आणि संघ दोन्ही लिहा, त्याच क्षणी. २२ जून २००६ला स्टुटगार्टमध्ये क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात इंग्लंडचे नामवंत रेफरी ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या ३ नंबरच्या शिमुनिचला दुसरं पिवळं दाखवलं, पण वहीत नोंद झाली ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरची. शिमुनिच खेळतच राहिला आणि सामना संपताना रेफरीच्या अंगावर गेला तेव्हा तिसरं पिवळं मिळून बाहेर गेला. विश्वचषकात हे होतं, तर आपल्याकडे एकाच दुकानातून घेतलेल्या दोन निळ्या टीशर्टांच्या सामन्यात काय होईल! दोन्ही संघांचे रंग सारखे असतील तर सामना सुरूच करू नका, जाळीची बिब मागवा.

पिवळ्या कार्डाचा धाक एका दिवसाच्या स्पर्धेत फार नसतो, कारण पुढच्या सामन्यात ते कुणी मोजत नाही. म्हणून आयोजकांना सुचवा: हुज्जतीच्या पिवळ्याला काही मिनिटं बाहेर. इंग्लंडमध्ये २०१९-२०पासून हौशी स्पर्धांत हुज्जतीसाठी दहा मिनिटं बाहेर बसवतात. नियमपुस्तक एकूण वेळेच्या दहा ते पंधरा टक्के सुचवतं. आपला सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा असेल, तर तीन ते साडेचार मिनिटं झाली. कोनच्या पोरांना हे समजावून सांगायलाही लागत नाही. कबड्डीत पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. सात जणांतला एक तीन मिनिटं कमी झाला की त्याचे सहा साथीदारच त्याचं तोंड बंद करतात. असा नियम लावायचा तर तो सामन्याआधी जाहीर झालेला हवा, मैदानात शोधून काढलेला नको.

आता आपलं चुकलं तर. चुकतंच. एका उपांत्य सामन्यात बचावपटूचा हात लागलेला मला दिसला नाही, मध्ये दुसरा उभा होता. मोबाइलवर ते सगळ्या मांडवाने पाहिलं. मला ते मध्यंतरात कुणीतरी दाखवलं आणि मी घोडचूक केली: दुसऱ्या अर्धात अन्याय झालेल्या संघाला एक हलकीशी फ्री किक भरपाई म्हणून दिली. त्यावर गोल झाला. शेवटी दोन्ही संघ माझ्यावर उलटले, आणि दोघांचंही बरोबर होतं. भरपाई कधी करायची नाही. मध्यंतरात मोबाइल बघायचा नाही. निर्णय बदलायचा असेल तर खेळ पुन्हा सुरू होण्याआधीच बदलता येतो. सहायकाने वेगळं पाहिलं असेल तर त्याला विचारा, बदला आणि मोठ्याने सांगा. एकदा चेंडू चालू झाला की विषय संपला. खेळाडूने नंतर विचारलं तर "मला तिथून तसं दिसलं" म्हणा. "तुला काय कळतं" किंवा "तूच खोटं बोलतोस" हे म्हणू नका, कारण मग ते भांडण त्याच्या इज्जतीचं होतं, आणि आपल्या गावात इज्जतीचं भांडण मैदानाबाहेरही चालतं.

बाजूरेषेवरच्या धाकट्या भावाला फक्त चेंडू बाहेर गेला की नाही एवढंच विचारा. ऑफसाइड त्याच्यावर सोडू नका. तो मुद्दाम फसवेल म्हणून नव्हे. घरी जाऊन त्याला त्याच भावाबरोबर जेवायचं असतं.

प्रेक्षक आत घुसले, दगड आला, कुणी धमकी दिली, तर खेळ थांबवा आणि दोन्ही संघांना आपापल्या बाजूला पाठवा. आयोजकाला सांगा: मैदान मोकळं झाल्याशिवाय शिट्टी नाही. पाच मिनिटांत झालं नाही तर सामना रद्द, आणि गरज पडली तर ११२. कोणत्याही संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर अकराच्या सामन्यात खेळ पुढे चालवता येत नाही. सात-सातच्या स्पर्धेत हा आकडा आयोजकाने आधीच ठरवलेला बरा. बाइक मात्र नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावा. हे मला एका जुन्या कबड्डी पंचाने शिकवलं, आणि ते विनोदाने सांगत नव्हते.

शेवटची शिट्टी वाजली तरी मैदान सोडेपर्यंत तुमचे अधिकार संपत नाहीत. सामना संपल्यावरच्या शिवीलाही कार्ड असतं. पण तिथे रेंगाळू नका. चेंडू घ्या, दोन्ही कर्णधारांशी हात मिळवा, पळू नका आणि थांबू नका. कुणी "रेफ, ती पेनल्टी..." म्हणत आला तर "आयोजकांकडे लिहून द्या," एवढंच.

अहवाल त्याच संध्याकाळी लिहा, व्हॉट्सॲपवर क्लिप फिरायला लागायच्या आत, नाहीतर क्लिप बघून आपलीच आठवण बदलते. मिनिट, नंबर, संघ, काय घडलं आणि तोंडून नेमकं काय आलं ते जसंच्या तसं. "असभ्य भाषा वापरली" असं लिहून भागत नाही. कोणता शब्द, तो लिहा. लाज वाटते, पण समितीला निर्णय त्यावरच द्यायचा असतो. तो रागीट आहे, तो नेहमीच असा वागतो, असलं काही लिहू नका. ग्रुपवर तुमच्या नावाने काहीही आलं तरी उत्तर देऊ नका.

आणि ज्यांना हे काम दर रविवारी करावंसं वाटतं, त्यांनी जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेकडे रेफरीच्या परीक्षेची चौकशी करावी. राज्यातला कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. नियमपुस्तक मोबाइलवर फुकट मिळतं, त्यातला पाचवा आणि बारावा नियम आधी वाचा. परीक्षेआधी एकदा कोल्हापूरला जाऊन शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना पाहून या. पेठेच्या इभ्रतीसाठी घसा फोडणाऱ्या त्या गर्दीत रेफरी पेनल्टी देतो, तेव्हा खेळाडूंकडे बघू नका. शिट्टी वाजल्यावर त्याचे पाय कुणीकडे वळतात ते बघा.